घणमावशीला डॉक्टर हवा

माझ्या मावशीने आजवर ज्यांना ज्यांना मारलं, त्यातल्या एकाचंही तिला काही आठवत नाही. मार खाणाऱ्यांना मात्र सगळं आठवतं, आणि तरी त्यातले बरेचसे अजून तिच्याकडे चहाला येतात. जुन्या डॉक्टरांचे पुढचे दोन दात तिनेच पाडले होते. त्यांनी खोटे बसवून घेतले, आणि मावशीवर खूश असले की ते दात जिभेने हलवून दाखवत म्हणायचे, "तुझी भेट आहे बाई, जपून वापरतो."

मावशीची भंगारची वखार आहे. मोडीत निघालेल्या मोटारी तिथे येतात आणि तुकड्यातुकड्यांनी बाहेर जातात. इंजिनाचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोडायला यंत्र मिळतं, पण मावशीचं त्याच्याशी पटत नाही. "यंत्राला राग कुठे येतो?" असं म्हणून ती दोन्ही हातांनी घण उचलते आणि असा घालते की पलीकडच्या बेकरीतले पाव दचकून फुगतात. म्हणून सगळा रस्ता तिला घणमावशी म्हणतो.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, घड्याळं दुरुस्त करतात. वखारीसमोर कपाटाएवढं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. श्वास जोरात सोडला तर चाक उडून जाईल अशी यांची कामं. एकाच घरात घण आणि चिमटा कसा नांदला, हे त्यांचं त्यांनाच माहीत. काकांना विचारलं तर म्हणतात, "मला बोलायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे भांडण झालं नाही."

आता मारामारीचं. मावशीला शाळेत असल्यापासून डायबेटिस आहे. रोज इन्शुलिन टोचून घ्यायचं. रक्तातली साखर सारखी चढलेली राहिली तर माणूस आतून झिजतो, आणि एकदम कोसळली तर त्याला भान राहत नाही. अशा वेळी कोणी गप्प बसतं, कोणी रडतं. मावशी मारते. डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसतं. हाताला लागेल ते उचलायचं आणि समोर असेल त्याला घालायचं. पोटात साखर गेली की थोड्या वेळाने ती परत येते, मोडलेल्या खुर्चीकडे बघते आणि विचारते, "कोणी केलं हे?"

जुन्या डॉक्टरांना बोलावलं की ते धावत यायचे, मागच्या बाजूने जायचे आणि तिची मान पकडायचे. मग कधी साखरेचं पाणी पाजायचे, तर कधी नुसतेच हात जोडून "चुकलो बाई" म्हणत परत जायचे. हे हात जोडून जाणं म्हणजे भीती, असं आमचं सगळ्यांचं मत. दात गेलेला माणूस, घाबरणारच.

वखारीत दोन कामगार. एक पहिलवान, नावाला शोभणारा. दुसरा बोळक्या, त्याच्या तोंडात दात नाहीत. त्याचे मावशीने पाडले नाहीत, ते आपणहून गेले. या दोघांनी डॉक्टरांचं बघून एक पद्धत बसवली. खिशात कायम साखरेच्या पुड्या ठेवायच्या. मावशीचा आवाज चढला की पहिलवानाने मागून मानेला मिठी मारायची आणि बोळक्याने साखर तोंडात कोंबायची.

पद्धत कामाला आली, यात शंका नाही. पण पुढे ती सवयच झाली. गिऱ्हाइकाने भंगारात दगड भरून वजन वाढवलं, मावशी ओरडली, की साखर. पहिलवानाने गॅसकटर चालू ठेवून झोप काढली, मावशी ओरडली, की साखर. "अरे मी बरी आहे मेल्यांनो, तुम्ही गाढव आहात म्हणून ओरडतेय," असं ती म्हणायला लागली की बोळक्या पहिलवानाला सांगायचा, "बडबडतेय बघ. अजून एक पुडी काढ."

मग जुने डॉक्टर गेले. झोपेत गेले. "माझ्या हातून नाही गेले, एवढं बरं," मावशी म्हणाली, आणि वखारीत जाऊन दिवसभर एका ट्रकचा सांगाडा फोडत बसली. घणामागून घण पडत होता आणि तोंडाने काहीबाही चाललं होतं. पहिलवानाने पुडी काढली. काका रस्ता ओलांडून आले आणि त्याचा हात धरला.

"राहू दे रे. रडतेय ती."

तर मावशीला नवा डॉक्टर हवा होता.

पहिला मिळाला तो काचेच्या दाराचा. दवाखाना थंडगार, बाहेर मासे सोडलेली पेटी. त्याने मावशीकडे न बघता रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, "तुमची साखर फारच वाढलेली असते. इन्शुलिन वाढवू या."

"आमचे जुने डॉक्टर वाढवत नव्हते."

"म्हणून तर ही वेळ आली."

इन्शुलिन वाढलं. त्याच आठवड्यात काका घरात कपाटातून चहाचे कप काढत होते आणि मावशी मागे उभी होती. ती नुसतीच कपाटाकडे बघत होती. काकांनी विचारलं, "काय गं?" तिने कपाटाचं दार लावलं. काकांचा उजवा हात मध्ये होता. तिने दार उघडलं आणि परत लावलं, अंगातला सगळा जोर लावून, आणि परत. घण घालणारे हात ते. काका सांगतात की पहिला आवाज दाराचा होता, नंतरचे हाडांचे. डाव्या हाताने त्यांनी तिच्या तोंडात साखरेचा डबा उपडा केला, तेव्हा ती थांबली. अंगभर साखर आणि जमिनीवर रक्त. तिने विचारलं, "अहो, हाताला काय झालं?"

"दारात सापडला," काका म्हणाले.

हे खरंच होतं.

बोटं जुळली, पण दोन वाकडी राहिली. काका आता डाव्या हाताने चिमटा धरतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "उजवीकडे गर्दी फार होती."

काचेच्या दाराकडे मावशी दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी तिला फार वेळ ताटकळत ठेवलं. जेवणाची वेळ उलटली, साखर कोसळली, आणि मावशीने वजनकाटा उचलून आधी माशांची पेटी फोडली, मग दार. मध्ये पडलेल्या कंपाउंडरचं नाक मोडलं. मासे जमिनीवर तडफडत होते आणि डॉक्टर टेबलाखालून पोलिसांना फोन करत होता. काका डाव्या हाताने मासे गोळा करून बादलीत टाकत होते.

डॉक्टर लोकांत बातम्या कशा पसरतात कोण जाणे, पण त्यानंतर मावशीचं नाव सांगितलं की दवाखाने भरलेले असायचे. एकाने तर आत एकही माणूस नसताना जागा नाही म्हणून सांगितलं. एकाने अट घातली की सोबत धिप्पाड माणूस आणा. पहिलवान गेला. डॉक्टरने घाबरत घाबरत पहिलवानालाच तपासलं, त्याला रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोघांना वाटेला लावलं. पहिलवान अजून त्या गोळ्या घेतो. म्हणतो, गुण आहे. आणखी एकाने फोनवर रिपोर्ट ऐकला आणि म्हणाला, "फार वाढलीय. इन्शुलिन अजून वाढवा." वाढवलं.

आणि त्यात ताईला मुलगी झाली.

ताई म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, जवळच राहते. मावशी नातीवर अशी भाळली की वखारीतून येताना कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची, तरी बाळाला उचलताना स्वतःच्या हातांकडे संशयाने बघायची. एका दुपारी ती अशीच कामावरून थेट पाळण्याशी जाऊन बसली. ओट्यावर ताईने नळ दुरुस्त करायला काढलेला लोखंडी पाना होता. ताई पाणी आणायला वळली. पाना सुटला तो पाळण्याच्या कठड्याच्या वर वीतभर भिंतीत घुसला. गिलाव्याची ढेकळं बाळाच्या दुपट्यावर पडली. मावशी दुसरं काहीतरी शोधत होती. ताईने तिला खांदा लावून जमिनीवर पाडलं, तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि ओठ फाटेपर्यंत साखर चोळली.

मावशी भानावर आली तेव्हा ताई बाळाच्या जावळातून गिलाव्याचे कण वेचत होती.

"काय झालं गं?"

काका तोपर्यंत धावत आले होते. "काही नाही," ते म्हणाले, "पाना पडला."

"पडला नाही, बाबा. खोटं नका सांगू तिला." ताईने भिंतीतल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "आई, तू फेकलास. इथे."

मावशी उठली, भिंतीजवळ गेली आणि त्या खड्ड्यात आपलं बोट घालून बघितलं. बोट पेरभर आत गेलं.

"तुला डॉक्टर मिळेपर्यंत बाळ तुझ्या हातात देणार नाही," ताई म्हणाली. "चिडू नकोस."

"चिडत नाहीये," मावशी म्हणाली. आणि खरंच चिडली नाही. आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतर ताई बाळाला घेऊन काकांच्या दुकानात यायची आणि मावशी रस्त्याच्या या बाजूला, वखारीच्या काट्यावर उभी राहून बघायची. काका बाळाला वर उचलून तिला दाखवायचे. काट्यावर उभं राहिल्यामुळे मावशीचं वजन कमी होत चाललेलं सगळ्या गल्लीला कळत होतं.

एके दिवशी काकांच्या दुकानात एक बाई मनगटी घड्याळ घेऊन आल्या. ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, आवाज रेती घातल्यासारखा. घड्याळाची काच फुटली होती, काटे वाकले होते.

"कशाने हो?" काकांनी विचारलं.

"एकाने दगड घातला. मी हात मध्ये घातला, म्हणून डोकं वाचलं. जुनी गोष्ट आहे, दुरुस्त करायचं राहून गेलं."

"कोण होता?"

"पेशंट. मी तुरुंगातल्या दवाखान्यात होते. आता निवृत्त झालेय. घरी बसवत नाही, म्हणून बेकरीच्या वर दवाखाना टाकलाय. पावांच्या वासाने सगळ्यांची साखर वाढेल असं वाटतंय."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "बाई, पेशंट घेता?"

"मारतो का?"

"मारतो."

"शिव्या?"

"भरपूर. आणि मारतो नाही, मारते. बायको आहे माझी."

बाईंनी त्यांच्या वाकड्या बोटांकडे बघितलं. "हे तिचंच काम?"

काकांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "हो."

हे "हो" काकांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं.

"काय काम करते ती?" बाईंनी विचारलं, आणि काकांनी समोरच्या वखारीकडे बोट दाखवलं. तिथून घणाचा आवाज येत होता. बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. "सकाळपासून?" त्या म्हणाल्या. "मग दवाखान्यात कशाला आणता? तिथे सगळेच शहाण्यासारखे बसतात. मीच येते."

त्या रस्ता ओलांडत होत्या तेव्हाच वखारीत बिघडलं. मावशी एका मोटारीचं दार सपाट करत होती. दार केव्हाच सपाट झालं होतं. पत्र्याची चाळण झाली, खालच्या फरशीला तडे गेले, तरी ती घालतच होती. बोळक्या म्हणाला, "मावशी, झालं ते." ती वळली आणि तिच्याबरोबर घणही वळला. बोळक्या खाली बसला म्हणून वाचला. घण मागच्या टेम्पोच्या काचेत गेला आणि काचेचा पाऊस त्याच्या पाठीवर पडला. पहिलवानाने नेहमीसारखी मागून मानेला मिठी मारली. मावशीने कोपर मारलं, डोकं मागे आपटलं, आणि तो एवढा मोठा माणूस पत्र्यांच्या ढिगावर उताणा पडला. त्याचा हात दंडापासून मनगटापर्यंत फाटला. ती त्याच्यावर घण उचलून उभी राहिली. काका दारातून तिला हाक मारत होते. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला ते दिसत नव्हते.

डॉक्टरीणबाई चालत तशाच आत गेल्या.

"बाई, मागे व्हा," बोळक्या ओरडला.

घणाचा दांडा फिरला तो त्यांच्या कपाळावर. भुवई उघडी झाली. त्या गुडघ्यावर बसल्या, हाताने डोळ्यातलं रक्त बाजूला केलं, तशाच रांगत मावशीच्या मागे गेल्या, उठल्या आणि तिच्या मानेवर, केसांखाली, तळवा ठेवला. धरली नाही; नुसता तळवा ठेवला, आईने ताप बघावा तसा.

"गार आहे. ओलीचिंब," त्या म्हणाल्या. "आता आणा तुमची साखर."

पहिलवान ढिगावरून उठला आणि दोघा-तिघांनी मिळून तिला टायरवर दाबली. बोळक्याने साखर तिच्या गालाच्या आत लावली. त्याचं बोट तिने चावलं, तरी त्याने काढलं नाही. घण खाली पडला. डॉक्टरीणबाई मागे उभ्याच होत्या, मानेवर हात तसाच. त्यांचं रक्त मावशीच्या केसांत टपकत होतं.

हळूहळू मावशीचा घाम वाळला आणि तिच्या डोळ्यांत कोणीतरी परत आलं. तिने वर बघितलं.

"यांना कोणी मारलं?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही कोण?"

"तुमची डॉक्टर."

मग पहिलवानाचा फाटलेला दंड तिला दिसला, बोळक्याच्या पाठीतल्या काचा दिसल्या, आणि तिचा आवाज पत्र्याच्या छताला जाऊन लागला. "डोळे फुटले होते का तुमचे? मी अशी झालेय हे दिसत असताना म्हाताऱ्या बाईला आत येऊ कसं दिलंत? दार लावून मला एकटीला कोंडता येत नव्हतं? आणि तू रे, मारायचं नाही तर निदान पळता तरी येतं की नाही?"

पहिलवानाने सवयीने तिच्या मानेला मिठी मारली. बोळक्याने पुडी काढली.

"थांब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिलवान, तुझ्या हाताला काय लागतंय?"

"मान."

"ते मलाही माहीत आहे. कशी आहे?"

पहिलवान विचारात पडला. इतक्या वर्षांत त्याने मान नुसती आवळली होती. "कोरडी," तो म्हणाला. "गरम."

"मग साखर कशाला? साखर कोसळली की मान घामाने गार पडते."

"ओरडतेय ना."

"तू तिच्या जागी असतास तर गप्प बसला असतास? रागावलीय ती. साखर नको, माफी मागा."

मग बोळक्या पुडी हातात घेऊन म्हणाला, "म्हणजे जुने डॉक्टर हात जोडून जायचे ते—"

"घाबरून नाही," काका म्हणाले. "मान कोरडी लागली म्हणून."

बाई टायरवर बसल्या. काकांनी त्यांच्या भुवईवर रुमाल धरला. "हिला साखर कधी कधी देता?" बाईंनी विचारलं.

"चिडली की," बोळक्या म्हणाला.

"आणि चिडते कधी?"

बोळक्याने मावशीकडे चोरून बघितलं. "उठल्यापासून."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि भुवई दुखली म्हणून थांबल्या. मग त्यांनी सांगितलं ते आम्हा कोणाच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं. ती रागावली की तुम्ही साखर देता, म्हणून रिपोर्टात साखर चढलेली दिसते. ती बघून डॉक्टर इन्शुलिन वाढवतो. वाढलेलं इन्शुलिन घेऊन ती घण घालते, घण घालताना साखर जळते, आणि मग ती कोसळते. कोसळली की मारते, मारलं की तुम्ही घाबरून अजून साखर देता. "तुमच्या जुन्या डॉक्टरांना हे कळलं असणार, म्हणून ते वाढवत नव्हते. तुम्हाला सांगितलं नाही ही त्यांची चूक. तुम्ही विचारलं नाही ही तुमची."

मावशी इतका वेळ ऐकत होती. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "एवढी वर्षं मी खरोखरची चिडले, तेव्हा या दोघांनी ऐकलंच नाही. तोंड गोड करून बसवलं मला."

"असं झालंय खरं."

"आणि आता चिडले तर?"

"चिडा की. मान कोरडी ठेवून चिडा."

इन्शुलिन उतरवलं. खाल्ल्याशिवाय आणि बोट टोचून साखर बघितल्याशिवाय घणाला हात लावायचा नाही, असं ठरलं. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. साखर वरखाली होतच राहिली. एकदा मावशीने काकांच्या खांद्यावर पाण्याची बाटली फोडली. पण आधी तिच्या मानेवर हात गेला होता, आणि बाटली प्लास्टिकची होती. डॉक्टरीणबाईंच्या भुवईवर व्रण राहिला. त्या मावशीला सांगतात, "दातांपेक्षा बरं. हलत नाही."

ताई मात्र काही बोलत नव्हती. ती बाळाला घेऊन काकांच्या दुकानातच यायची, आणि मावशी काट्यावरून बघायची. मावशीने एकदाही मागितलं नाही.

मग एका सकाळी ताई रस्ता ओलांडून बाळासकट सरळ वखारीत आली. पहिलवान गॅसकटरने दांडा कापत होता, ठिणग्या उडत होत्या, जमिनीवर लोखंडाचा चुरा. मावशी वळली आणि तिने ताईला बघितलं.

"अक्कल कुठे ठेवून आलीस?" ती अशी कडाडली की बेकरीवाला बाहेर आला. "ठिणग्या उडतायत, चुरा पडलाय, आणि बाळाच्या डोक्यावर टोपी नाही, अंगावर धड कपडा नाही. तुझं शिक्षण काय या दारात पडलं का? आणि तू बंद कर ते, दिसत नाही कोण आलंय ते?"

पहिलवानाने कटर बंद केला. त्याचा हात खिशात गेला. बोळक्याचाही गेला. काका दुकानातून धावत निघाले आणि रस्त्याच्या मध्येच थांबले.

ताई चालत पुढे आली. बाळाला एका हातावर घेऊन तिने दुसरा हात आईच्या मानेवर ठेवला, केसांखाली. बराच वेळ ठेवला. मावशी तोंड उघडं ठेवून तशीच उभी होती.

"कोरडी आहे," ताई म्हणाली. "चुकलं, आई. टोपी घालायला हवी होती."

आणि तिने बाळ मावशीच्या हातात दिलं.

मावशीने हात धुतलेले नव्हते. तिने बाळाला कोपराच्या आतल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ भागावर घेतलं आणि ताईला झापणं तसंच पुढे चालू ठेवलं, फक्त कुजबुजत, कारण बाळ झोपलं होतं. पहिलवान बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग त्याने खिशातली पुडी उघडली आणि साखर स्वतःच्या तोंडात टाकली.